नियमाच्या पोटी जन्मलेल्या गाड्या

मुकुंदमामा मूळचे नाशिकचे. ऐन पंचविशीत इंग्लंडला आले आणि बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाले. त्यांच्या दारात १९९९ सालची सुबारू इम्प्रेझा टर्बो उभी असते. निळा रंग, चार दारं, डिकीवर स्पॉयलर, बॉनेटवर हवा गिळणारं तोंड. त्यांची भाची ऋता पुण्यात इंजिनिअर झाली, इथे ब्रेकच्या कंट्रोल सॉफ्टवेअरवर काम करते आणि २०२१ ची टोयोटा जीआर यारिस चालवते. तीन दारं, तीन सिलिंडर, आखूड बांधा. दोन्ही गाड्यांत चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळते, दोन्हींचे गिअर हाताने टाकायचे आणि दोन्हींचं घराणं रॅलीचं. इथवर मामा-भाचीचं एकमत आहे. एका रविवारी दोघांनी गाड्यांची अदलाबदल करून वेल्समधल्या रायडर गावापासून एलान खोऱ्यातला डोंगरी रस्ता पालथा घातला. घरी आल्यावर जे सुरू झालं, ते असं.

मामा : तुझी गाडी चांगली आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे बोलायला मोकळा.

ऋता : बोल ना. पण ‘आमच्या वेळी’ या शब्दांनी सुरुवात करायची नाही.

मामा : बरं. मग डिकीपासून सुरुवात करू. तुझ्या गाडीची डिकी उघडली. त्यात माझी हत्यारांची पेटी ठेवली आणि डिकी भरली.

ऋता : १७४ लिटरची आहे. मागच्या चाकांचा डिफरन्शियल खाली बसवायचा आणि वजनाचा तोल साधायला बॅटरीही मागे आणायची, म्हटल्यावर जागा उरणार किती?

मामा : तेच म्हणतोय. माझ्या गाडीत मागे तीन माणसं नीट बसतात. तुझ्या आईला आणि आजीला विमानतळावरून याच गाडीतून आणलं, चार मोठ्या बॅगांसकट. लोणच्याच्या बरण्या वेगळ्या. आणि त्याच गाडीने दुसऱ्या दिवशी डोंगरात जाऊन भल्याभल्या स्पोर्ट्स कारना मागे टाकलं. ही त्या काळच्या सेडानची खरी मिजास होती. बाहेरून कारकुनाची गाडी, आतून रॅलीची. तुझ्या गाडीत मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून, अंग चोरून आत शिरावं लागतं. आणि जागा दोघांचीच.

ऋता : संसारी माणसाला सेडान बरी, हे मान्य. पण गाडी चालवायच्या दृष्टीने तुझी डिकी म्हणजे मागच्या चाकांच्या पलीकडे लोंबणारं ओझं आहे. मोजमाप सांगू? तुझी गाडी साधारण ४.३५ मीटर लांब, माझी ३.९९५ मीटर. म्हणजे माझी पस्तीस सेंटीमीटरने आखूड. आता पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर बघ. तुझं २,५२० मिलिमीटर, माझं २,५६०. आखूड गाडीचा व्हीलबेस जास्त! माझी चाकं चार कोपऱ्यांत आहेत. तुझ्या गाडीचं नाक पुढच्या चाकांच्या पुढे, डिकी मागच्या चाकांच्या मागे. वळणावर हे सगळं वजन बाहेर फेकलं जातं.

मामा : नाक जड आहे, ते मी नाकारत नाही. इंजिन उभं बसवलंय आणि ते पुढच्या ॲक्सलच्याही पुढे आहे. पण ते बॉक्सर इंजिन आहे. सिलिंडर आडवे, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. त्यामुळे वजन खाली राहतं. इंजिन, गिअरबॉक्स, मागे जाणारा दांडा, सगळं एका सरळ रेषेत. आणि सेडानचा आणखी एक गुण तुम्ही लोक विसरता. मागच्या सीटच्या पाठीमागे पत्र्याची आडवी भिंत असते. त्यामुळे बॉडी पिळवटत नाही. हॅचबॅकला मागे भलंमोठं भोक असतं.

ऋता : म्हणून तर यारिसला जादा स्पॉट वेल्ड दिले, सांध्यांना चिकटद्रव्य लावलं. पाचऐवजी तीन दारं ठेवली. पुढचा तळ लहान यारिसचा आणि मागचा तळ टोयोटाच्या त्याहून मोठ्या गाड्यांचा, असे दोन वेगळे प्लॅटफॉर्म जोडलेत. छत कार्बन फायबरचं, दारं आणि बॉनेट ॲल्युमिनिअमचं. जपानमधल्या मोतोमाची कारखान्यात तिच्यासाठी वेगळा विभाग आहे. तिथे नेहमीचा कन्व्हेअर नाही, बॉडी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेऊन जोडणी करतात. एवढ्या लहान गाडीसाठी असा खटाटोप कुणी करत नाही.

मामा : मग टोयोटाने का केला?

ऋता : रॅलीसाठी.

मामा : झालं! म्हणजे तुझी गाडीसुद्धा रॅलीच्या नियमाच्या पोटीच जन्माला आली, माझ्या गाडीसारखीच.

ऋता : आली ना. पण आधी तुझ्या गाडीची जन्मकथा सांग. सेडानला तू जो मान देतोस, तो तिला अपघातानेच मिळालाय, हे मी तुझ्याच तोंडून वदवून घेणार आहे.

मामा : ऐक तर. १९८६ पर्यंत रॅलीत ‘ग्रुप बी’ नावाचा प्रकार होता. दोनशे गाड्या बनवल्या की झालं, त्यामुळे कंपन्यांनी अक्षरशः तोफा बनवल्या. त्या वर्षी कॉर्सिकाच्या रॅलीत हेन्री टॉइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो गाडीसकट जळून गेले. ग्रुप बी बंद झाला आणि १९८७ पासून ‘ग्रुप ए’ हा वरचा वर्ग ठरला. त्याची अट अशी की, जी गाडी रॅलीत उतरवाल ती आधी शोरूममध्ये विकून दाखवा. आधी वर्षाला ५,००० आणि पुढे २,५०० गाड्यांची अट. म्हणजे रॅलीसाठी टर्बो हवा तर तो गिऱ्हाइकाला विका. चारही चाकांना ताकद हवी तर तीही विका. मोठा इंटरकूलर हवा, तर तोही गिऱ्हाइकाच्या बॉनेटखाली गेला पाहिजे. सुबारूने आणि मित्सुबिशीने तेच केलं. इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स १९९२ ची, लॅन्सर इव्होल्यूशनही १९९२ ची. जपानमधला मास्तर किंवा बँकेतला माणूस हप्त्याने रॅलीची गाडी घेऊ शकत होता. हे काही कंपन्यांच्या दानतीमुळे झालं नाही. नियमाने त्यांचा हात पिरगाळला म्हणून झालं.

ऋता : आणि ग्रुप ए मध्ये सुरुवातीला सलग सहा वर्षं, १९८७ ते १९९२, कंपन्यांचं अजिंक्यपद कुणी जिंकलं?

मामा : लान्सियाने.

ऋता : कुठली गाडी?

मामा : डेल्टा.

ऋता : सेडान का हॅचबॅक?

मामा : ... हॅचबॅक. पाच दारांची.

ऋता : वदवून घेतलं! सुबारूने सेडान निवडली, कारण तिच्याकडे विकायला सेडान होती. आधी लेगसी, लांबलचक. १९९३ मध्ये न्यूझीलंडला कॉलिन मॅक्रेने लेगसीला पहिला विजय मिळवून दिला आणि त्याच हंगामात कंपनीने तिच्या जागी आखूड इम्प्रेझा उतरवली. मित्सुबिशीनेही मोठी गॅलंट सोडून लहान लॅन्सर घेतली. म्हणजे तुझ्या कंपन्यासुद्धा गाडी आखूड करण्याच्याच मागे होत्या. माझी यारिस ही त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे.

मामा : पायरी म्हण हवं तर. पण गाडी कशी निपजली, ते लांबीरुंदीवरून ठरत नाही. आज एलान खोऱ्यात, धरणाच्या पुढच्या उताराला पाऊस सुरू झाला, आठवतं? तुझ्या गाडीतून मी त्या वळणात शिरलो. काही झालंच नाही. स्टिअरिंग वळवलं, गाडी वळली, संपलं. माझ्या गाडीत तिथे संवाद होतो. आधी नाक थोडं बाहेर सरकतं, स्टिअरिंग हलकं लागतं. तिथे घाबरून पाय काढायचा नाही. किंचित धीर धरायचा आणि थ्रॉटल हळूच वाढवायचा. मग मागची बाजू भार घेते, आपल्या पाठीला ते जाणवतं आणि गाडी सरळ होऊन वर चढते. मधल्या डिफरन्शियलमध्ये व्हिस्कस कपलिंग आहे. डबीत सिलिकॉनचं तेल आणि चकत्या. पुढची चाकं घसरून जास्त फिरायला लागली की चकत्यांच्या वेगात फरक पडतो, तेल तापतं, घट्ट धरतं आणि ताकद मागे जाते. वायर नाही, संगणक नाही. तेल आणि पोलाद.

ऋता : आणि उशीर. तू ज्याला संवाद म्हणतोस, तो तेल तापेपर्यंतचा वेळ आहे. आधी चाक घसरणार, मग तुझी यंत्रणा जागी होणार. माझ्या गाडीत मागच्या डिफरन्शियलच्या पुढे चकत्यांचा क्लच आहे आणि तो किती दाबायचा हे कंट्रोलर ठरवतो. स्टिअरिंग किती वळलंय, थ्रॉटल किती, प्रत्येक चाकाचा वेग किती, हे सतत वाचत असतो. साध्या मोडमध्ये पुढे ६०, मागे ४०. स्पोर्टमध्ये पुढे ३० आणि मागे ७०. ट्रॅकमध्ये निम्मं-निम्मं.

मामा : क्लचने मागे सत्तर टक्के कसे जातील? क्लच पूर्ण दाबला तरी पुढची-मागची बाजू एकत्र जखडली जाईल, इतकंच.

ऋता : हा टूलरूममधला प्रश्न! पुढच्या आणि मागच्या गिअरचं प्रमाण मुद्दाम किंचित वेगळं ठेवलंय. मागची बाजू पुढच्यापेक्षा जराशी जास्त फिरायला बघते. त्यामुळे क्लच जसा आवळाल तशी ताकद मागे ओढली जाते. आणि हँडब्रेक ओढला की क्लच मोकळा होतो, मागची चाकं सुटतात. बटणाचा नाही, दांडीचा हँडब्रेक आहे. रॅलीत आखूड वळणावर गाडी फिरवायला हाच लागतो.

मामा : हे मला आवडलं. दांडीचा हँडब्रेक ठेवणाऱ्याला शंभर गुन्हे माफ.

ऋता : आणि ‘वायर नाही, संगणक नाही’ हे फक्त तुझ्या गाडीपुरतं खरं आहे. तुझ्या वर्गातली दुसरी गाडी बघ. लॅन्सर इव्होल्यूशन चारमध्ये, १९९६ साली, मागच्या दोन चाकांमध्ये ताकद कमीजास्त करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती. इव्होल्यूशन सातमध्ये मधला डिफरन्शियलही संगणकाने आवळला-सोडला जायचा. डांबर, खडी, बर्फ असे तीन मोड. माझ्या यारिसची आजी तुझी इम्प्रेझा नाही, लॅन्सर आहे. सॉफ्टवेअर हा काही आमच्या पिढीने लावलेला शोध नाही.

मामा : कबूल. लॅन्सरवाले आणि आम्ही तेव्हाही याच मुद्द्यावर भांडायचो. पण आवाजाचं काय? माझ्या गाडीचा आवाज ऐकून गल्लीतली पोरं खिडकीत येतात. तो गुरगुरणारा ठेका! आणि तुझ्या गाडीत इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाढवून ऐकवतात. हे म्हणजे लग्नात मंगलाष्टकं टेपवर लावण्यासारखं आहे.

ऋता : स्पीकरचा आवाज मलाही नको आहे, तो मुद्दा तुझा. पण तुझा गुरगुराट म्हणजे काय? एका बाजूच्या सिलिंडरचे एक्झॉस्टचे पाइप लांब, दुसऱ्या बाजूचे आखूड. धुराचे ठोके टर्बोपर्यंत कमीजास्त अंतराने पोचतात, म्हणून तो ठेका. पुढे इम्प्रेझाच्याच जपानमधल्या एसटीआय आवृत्तीला सारख्या लांबीचे पाइप आणि ट्विन-स्क्रोल टर्बो दिला. टर्बो लवकर जागा होऊ लागला आणि ठेका गेला. तू ज्याच्यावर जीव टाकतोस, तो मांडणीतला दोष होता.

मामा : दोष असेल, पण खरा होता.

ऋता : आता आकडे घे. तुझं दोन लिटरचं इंजिन साधारण २१५ अश्वशक्ती देतं. माझं १,६१८ सीसीचं, तीन सिलिंडरचं, २६१. लिटरमागे तुझी १०८ च्या आसपास, माझी १६१. तुझ्या गाडीत तीन हजार फेऱ्यांखाली पाय दाबला तर आधी काहीच होत नाही, मग अचानक कुणीतरी मागून ढकलतं. माझा पूर्ण टॉर्क तीन हजारालाच हजर, ३६० न्यूटन-मीटर. शून्य ते शंभर साडेपाच सेकंदांत. तेही १,२८० किलो वजनात.

मामा : वजनाचं बरं काढलंस. माझी चार दारांची, पाच जणांची गाडी आहे १,२५० किलोच्या आत-बाहेर. म्हणजे कार्बनचं छत, ॲल्युमिनिअमची दारं, तीनच सिलिंडर, एक दार आणि एक माणूस कमी, एवढं सगळं करून तुझी गाडी माझ्या गाडीइतकीच जड. मग वाचवलेलं वजन गेलं कुठे?

ऋता : मी जिवंत राहावं म्हणून गेलं. एअरबॅग, दारांतल्या पोलादी पट्ट्या, मोठे ब्रेक, स्टॅबिलिटी कंट्रोल. तुझ्या गाडीत एबीएस आहे, पण घसरल्यावर प्रत्येक चाकाला वेगळा ब्रेक लावून सावरणारं काही नाही. मी पोटापाण्यासाठी तेच सॉफ्टवेअर लिहिते, म्हणून सांगते. रात्री, पावसात, दमलेला माणूस मोटरवेवरून उतरताना चुकतो, तेव्हा त्याला पाठीला जाणवणारा संवाद वाचवत नाही. सेकंदाच्या काही शतांश भागांत एकाच चाकाला लागलेला ब्रेक वाचवतो.

मामा : यावर मी वाद घालणार नाही. मी त्या गाडीत जपून असतो, पण समोरून येणारा जपून असेल असं नाही. तरीही एक सांगतो. तुझी गाडी लेन सोडली की स्टिअरिंग ओढते, वेग वाढला की पडद्यावर दिवे लावते. मला वाटतं, गाडीने चालकाला सावध करावं, पण त्याच्यावर अविश्वास दाखवू नये.

ऋता : लेनचं ते मी बंद करते.

मामा : आता देखभालीवर ये, कारण तू येणारच आहेस.

ऋता : येणारच. मघाशी तुझ्या मागच्या चाकावरच्या कमानीच्या आतून बोट फिरवलं. पापुद्रा निघाला आणि नखात तांबडी भुकटी आली. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते त्या कडेत साचतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून रंग झकास, आतून चाळण.

मामा : सब-फ्रेम मी गेल्याच उन्हाळ्यात साफ करून मेण मारलंय. कमानीही करून घेईन.

ऋता : टायर?

मामा : चारही एकदम बदलतो. एक पंक्चर झाला, तरी चारही. एक नवा आणि तीन झिजलेले असले, तर त्यांचा घेर वेगळा होतो, सरळ रस्त्यावरही मधलं कपलिंग सतत राबत राहतं आणि तापून मरतं. हे माहीत नसलेल्या लोकांनी कितीतरी चांगल्या इम्प्रेझा वाया घालवल्या. तेल वेळेआधी बदलतो. सकाळी इंजिन गरम होईपर्यंत टर्बो चढू देत नाही आणि लांबून आलं की बंद करण्याआधी थोडा वेळ तसंच चालू ठेवतो.

ऋता : आणि लॅन्सरची सर्व्हिस इंग्लंडमध्ये दर साडेचार हजार मैलांना असायची. कामासाठी रोज गाडी वापरणारा माणूस वर्षातून तीनदा गॅरेजमध्ये. मामा, ही पूजा आहे. गाडीने मला कामावर पोचवावं, मी तिची सेवा करत बसू नये. माझी यारिस सोमवारी सकाळी बटण दाबलं की सुरू होते, शहरात शिरते, कुणाला काही द्यावं लागत नाही.

मामा : टोमणा कळला. जून २०२१ पासून बर्मिंगहॅमच्या मधल्या भागात क्लीन एअर झोन आहे. युरो चार या धुराच्या मानकाच्या आधीची पेट्रोल गाडी रिंगरोडच्या आत गेली की दिवसाला आठ पौंड. माझी आधीची. ज्या नियमांनी तिला जन्म दिला, त्यांच्याच भावंडांनी आता तिला गावाबाहेर काढलंय.

ऋता : हे वाक्य तू पाठ करून आलेला दिसतोस.

मामा : पाठ नाही, आठ-आठ पौंड भरून आलंय. पण तुझं ते ‘सेवा’ म्हणणं मला लागलं नाही. या गाडीमुळे मला तेलाचा वास, बेअरिंगचा आवाज, ब्रेकची झीज कळते. ज्याला वेळ नाही, त्याने जुनी गाडी घेऊच नये. दिखाऊपणासाठी घेऊन मग रस्त्यात बंद पडल्यावर शिव्या देणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

ऋता : यात तू आणि मी एक. आता घराण्याकडे परत येऊ. कारण तुला वाटतं, रॅलीचा वारसा तुझ्याकडे आणि मी नुसती नाव लावून फिरते.

मामा : मला वाटत नाही, आहेच तसं. १९९५ साली मॅक्रे इम्प्रेझात विश्वविजेता झाला. सत्तावीस वर्षांचा, तोवरचा सर्वांत लहान. इथल्याच आरएसी रॅलीत, आपल्या लोकांसमोर. ती गाडी तयार व्हायची बॅनबरीत, इथून तासाभरावर. टॉमी मॅकिनेनने १९९६ ते १९९९ अशी चार अजिंक्यपदं लॅन्सरमध्ये जिंकली. आणि ते बघ, १९९७ पासून नियम सैल झाले होते. सुबारू, फोर्ड यांनी खास बांधणीच्या ‘वर्ल्ड रॅली कार’ आणल्या. मित्सुबिशी मात्र ग्रुप एची, शोरूममधल्या सांगाड्याची लॅन्सर घेऊनच त्यांना हरवत होती.

ऋता : बरोबर. आता पुढचं मी सांगते. टोयोटा २०१७ मध्ये रॅलीत परतली, तेव्हा तिच्या संघाचा प्रमुख कोण होता?

मामा : मॅकिनेन.

ऋता : आणि जीआर यारिस घडत असताना तिची चाचणी घेऊन मतं देणाऱ्यांत कोण होता?

मामा : तोच. माहीत आहे मला.

ऋता : आणि मॅक्रेचा सर्वांत लहान विजेत्याचा विक्रम कुणी मोडला? कॅले रोव्हानपेरा, बावीस वर्षांचा, २०२२, न्यूझीलंड. गाडी जीआर यारिस. घराणं तुटलेलं नाही मामा, फक्त डिकी गेली.

मामा : आता मी एक विचारतो. रोव्हानपेराच्या त्या वरच्या वर्गातल्या, रॅली वन गाडीत तुझ्या गाडीतलं काय आहे?

ऋता : ... नाव. चेहरामोहरा.

मामा : आणि आत?

ऋता : आत पाइपांची चौकट. वर हायब्रिड यंत्रणा. माझ्या गाडीचा सांगाडा नाही, हे खरं. पण त्याखालच्या रॅली टू वर्गात जी जीआर यारिस धावते, ती माझ्याच तीन सिलिंडरच्या इंजिनावर उभी केलेली आहे.

मामा : म्हणजे वरच्या वर्गाची नाळ तुटली, खालच्याची शाबूत आहे. आणि मुळात यारिस बनली ती वरच्या वर्गासाठी. या गाडीवर आधारलेली नवी रॅली कार उतरवायची, म्हणून रस्त्यावरची गाडी आणली. मग कोविड आला आणि ती रॅली कार रद्द झाली. नियमाने जन्म दिला आणि नियमाचं कामच उरलं नाही.

ऋता : नियम काय करू शकतो, हे आपल्याकडे बघ. २००६ मध्ये भारताने चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा अबकारी कर कमी केला. दोन वर्षांत टाटांची इंडिगो सीएस आली, डिकी छाटलेली. त्यानंतर अख्ख्या देशात शेपूट तोडलेल्या सेडानची रांग लागली. कुठल्याही डिझायनरला स्वप्नात अशी गाडी दिसली नसती. कायद्याने काढलेली रेघ होती ती.

मामा : आणि तुझी गाडी ३,९९५ मिलिमीटर. कराच्या रेघेच्या पाच मिलिमीटर आत!

ऋता : सीसीमध्ये नापास. पण मुद्दा तोच. जपानमध्येही तुझ्या काळात कंपन्यांनी आपापसात ठरवलं होतं, २८० च्या वर अश्वशक्ती सांगायची नाही. तो तर लिहिलेला नियमही नव्हता, नुसता शब्द. २००४ पर्यंत पाळला. म्हणून सगळ्यांनी ताकद वाढवायचं सोडून डिफरन्शियल, सस्पेन्शन यांत डोकं घातलं. तुला प्रिय असलेल्या गाड्या त्या अडवणुकीतून घडल्या.

मामा : म्हणजे आपण दोघं एकाच ठिकाणी आलो. कंपनी आपल्या मनाने अशी गाडी करत नाही. तिला कुणीतरी भाग पाडावं लागतं. आता सांग, पुढे कोण भाग पाडणार? २०२७ पासून रॅलीच्या वरच्या वर्गात पाइपांची चौकट आणि खर्चाला कमाल मर्यादा आहे. शोरूमच्या गाडीच्या सांगाड्याची अट नाही. तिकडे युरोपात कार्बन उत्सर्जनाच्या सरासरीवर दंड, इथे ठरावीक टक्के इलेक्ट्रिक विकायची सक्ती. सक्ती आहे, पण उलट्या दिशेने. फोर्डची फिएस्टा जुलै २०२३ मध्ये बंद झाली, तिच्याबरोबर परवडणारी हॉट हॅच असलेली फिएस्टा एसटीही गेली. सुबारूने २०२२ मध्ये सांगून टाकलं, नव्या डब्ल्यूआरएक्सवर पेट्रोलची एसटीआय होणार नाही.

ऋता : इथे मी तुझ्याबरोबर नाही. कोविडने ती रॅली कार रद्द झाली, तेव्हा टोयोटाला यारिस बंद करायला सबळ कारण मिळालं होतं. केली का? उलट २०२४ मध्ये सुधारून आणली. युरोपात २८० अश्वशक्ती, नवा डॅशबोर्ड, हवा तर आठ गिअरचा ऑटोमॅटिक. तेव्हा कुणी हात पिरगाळत नव्हतं. लोक रांग लावून घेत होते, म्हणून केलं. जन्म नियमाने दिला असेल, पण वाढवलं गिऱ्हाइकांनी.

मामा : सुबारूही २००८ च्या अखेरीस रॅलीतून बाहेर पडली आणि एसटीआय त्यानंतर तेरा वर्षं विकत राहिली. गिऱ्हाइकांनी तिलाही वाढवलं होतंच. पण रॅलीची निकड गेली आणि इंजिनात नवं काही येणं थांबलं. इंग्लंडमध्ये शेवटपर्यंत तेच अडीच लिटरचं जुनं इंजिन. धुराचे नियम आले तेव्हा ते टिकलं नाही. नुसत्या प्रेमाने गाडी विकली जाते, नवी होत नाही.

ऋता : मग मी त्याला वेगळं उत्तर देते. पुढची सक्ती इलेक्ट्रिकची असेल, तर चारही चाकांना चार मोटरी द्या. तुझं व्हिस्कस कपलिंग आणि माझा क्लच जे जमवायला धडपडतात, ते मोटर थेट करेल. कुठल्या चाकाला किती ताकद, क्षणोक्षणी. त्यात बॅटरीचं वजन आहे, आवाज नाही, मान्य. पण वळणावर चारही चाकांना हवी तेवढीच ताकद देण्याची जी हाव दोन्ही गाड्यांत आहे, ती संपणार नाही.

मामा : तशी गाडी कुणी १,२८० किलोत आणि पगारदाराच्या हप्त्यात बसवून दाखवली, तर मी रांगेत उभा राहीन. तोवर तू तुझी विकू नकोस. शेवटची असू शकते.

ऋता : तूही विकू नकोस. पण जपायची असेल तर नुसतं मेण मारून भागणार नाही. टायमिंग बेल्ट बदलल्याचं शेवटचं बिल मी बघितलंय. मुदत टळून गेली आहे. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, मग कसला वारसा आणि कसला संवाद.

मामा : बदलायचाय ग. पण गॅरेज झोनच्या आत आहे. आठ पौंड तू भरणार असशील तर उद्याच नेतो.